संत्र्याची साल, केशवाहिन्या आणि गोळ्यांचे दावे

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरहून बैतूलमार्गे भोपाळकडे जाणाऱ्या महामार्गावर पांढुर्णा लागते. नागपूर-छिंदवाडा मार्गावर सौसर. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. पलीकडे अमरावती जिल्ह्यातला वरुड-मोर्शीचा भाग, खाली नागपूर जिल्ह्यातले काटोल आणि नरखेड. राज्यांची सीमा मध्ये आली तरी बागा सलग आहेत आणि फळही एकच आहे. इथले संत्रे बाजारात बहुधा नागपुरी संत्रे म्हणूनच विकले जाते, त्यामुळे गोव्यातल्या ग्राहकाच्या पिशवीत पांढुर्ण्याचे फळ आले तरी त्याला ते कळण्याचा मार्ग नसतो.

या भागातल्या बागाईतदाराला वर्षात दोन बहारांचा हिशेब करावा लागतो. आंबिया बहाराची फुले थंडी सरताना येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येते. मृग बहाराची फुले पावसाच्या तोंडावर येतात आणि फळ पुढल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला हाती लागते. दोन्ही बहारांत त्याला धास्ती असते ती फळगळीची. पाण्याचा ताण, बुरशी, फळातला रस शोषणारे पतंग किंवा नुसते बिघडलेले हवामान, यांपैकी कशानेही झाडाखाली हिरव्या, लिंबाएवढ्या फळांचा सडा पडतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो निव्वळ तोटा. औषधनिर्मितीच्या जगात मात्र लिंबूवर्गातल्या अशाच कोवळ्या, वाळवलेल्या फळांना किंमत आहे. फळ जितके लहान, तितके त्याच्या वजनाच्या मानाने त्यात हेस्पेरिडिन जास्त. या हेस्पेरिडिनपासून रासायनिक प्रक्रियेने डायोस्मिन तयार करतात, आणि ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन व ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन यांची गोळी मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी जगभर विकली जाते. काही देशांत ती औषध आहे, तर अमेरिकेत अन्नपूरक म्हणून मिळते.

एकाच पदार्थाला एका देशात औषधाचा आणि दुसऱ्या देशात अन्नाचा दर्जा मिळतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘रक्ताभिसरण सुधारते’, ‘सूक्ष्म रक्तवाहिन्या बळकट करते’, ‘डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांचे रक्षण करते’ अशा शब्दांत ज्या असंख्य गोळ्या, पुड्या आणि सरबते खपवली जातात, त्यांचा व्यवहार अन्न आणि औषध यांच्यामधल्या याच धूसर पट्ट्यात चालतो. आपल्या राज्याला हा प्रश्न परका नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि जून २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले. प्रौढांमध्ये ते २६.४ टक्के होते, तर देशाची सरासरी ११.४ टक्के. मधुमेह माणसाला पंगू करतो तो मुख्यतः लहान रक्तवाहिन्यांच्या वाटेने. म्हणून या गोळ्यांचा ग्राहक घराघरांत आहे.

केसाहून बारीक नळ्या

हृदयातून निघालेल्या रोहिणीला फाटे फुटत जातात आणि शेवटी त्यांचे जाळे इतके सूक्ष्म होते की नळीचा व्यास पाच ते दहा मायक्रोमीटर उरतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याच केशवाहिन्या. नाव केसावरून पडले असले तरी माणसाचा केस त्यांच्याहून कितीतरी जाड असतो. लाल रक्तपेशीचा व्यास सात ते आठ मायक्रोमीटर असतो. म्हणजे पुष्कळ ठिकाणी तिला अंग चोरून, वाकून, एकेकटीने पुढे सरकावे लागते. केशवाहिनीची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. प्राणवायू, साखर, पाणी यांची देवाणघेवाण या भिंतीतून होते. तिच्या बाहेरून एक पातळ अस्तर आणि आधार देणाऱ्या पेशी असतात, आतून शर्करायुक्त रेणूंचा मऊ लेप असतो. पुढे या वाहिन्या एकत्र येऊन बारीक नीला बनतात आणि रक्त परतीला लागते.

ही भिंत तीन तऱ्हांनी बिघडते. ती ठिसूळ होऊन फुटते, सैल होऊन पाझरते किंवा आतून तुंबते. मुका मार लागल्यावर कातडी काळीनिळी पडते, ती लहान वाहिन्या फुटून रक्त ऊतींत उतरल्यामुळे. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि त्या संध्याकाळी गावात असे काळेनिळे डाग पुष्कळ अंगांवर दिसतात. निरोगी शरीरात तो डाग हिरवट, पिवळा होत आठवड्या-दोन आठवड्यांत विरतो. काहीच न लागता असे डाग उठू लागले, तर मात्र कारण शोधावे लागते. प्लेटलेट कमी असणे, यकृताचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे, वाढते वय ही नेहमीची कारणे. जीवनसत्त्वाचा अभाव हे एके काळचे मोठे कारण होते.

अंजदीवहून निघालेली गलबते

पोर्तुगीज ताफ्यांच्या इतिहासात या अभावाची नोंद ठळक आहे, आणि तिचा एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन मिळतो. वास्को द गामाची गलबते ५ ऑक्टोबर १४९८ रोजी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून परतीला निघाली. वारा पडलेला होता. अरबी समुद्र ओलांडायला त्यांना जवळजवळ तीन महिने लागले. या काळात खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, अंग सुजले. सुमारे तीस माणसे मेली, आणि एकेका गलबतावर काम करू शकणारे जेमतेम सात-आठ जण उरले. जानेवारी १४९९मध्ये मालिंदीला पोहोचताच त्यांनी किनाऱ्यावरून संत्री मागवली. जाताना मोंबासाच्या मुक्कामात आजारी माणसे बरी झाली होती, ती आठवण ताजी होती. फळाचा गुण त्यांना अनुभवाने माहीत झाला होता, कारण माहीत नव्हते.

कारण हाती लागायला आणखी सव्वाचारशे वर्षे जावी लागली. मधल्या काळात, मे १७४७मध्ये, जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या शल्यवैद्याने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. सायडर, गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचे पाणी असे एकेक. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळे सहा दिवसांत संपली. तोवर त्या दोघांपैकी एक जण कामावर रुजू होण्याजोगा झाला होता. वैद्यकातल्या तुलनात्मक चाचण्यांच्या इतिहासात हा प्रयोग आजही पहिल्या पानावर असतो.

स्कर्व्हीत नेमके घडते काय, हे आज स्पष्ट आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना, हिरड्यांना, जखमेवर धरणाऱ्या खपलीखालच्या ऊतीला ताकद देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याच्या तंतूंची वीण घट्ट होण्यासाठी लागणारी विकरे ‘क’ जीवनसत्त्वावाचून काम करीत नाहीत. जीवनसत्त्व मिळेनासे झाले की नवे कोलॅजेन कच्चे बनते, केसांच्या मुळांभोवतीच्या वाहिन्या फुटून तिथे लाल ठिपके उठतात, हिरड्यांतून रक्त येते. हे टाळायला फार थोडे पुरते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांवर प्रयोग झाला. त्यात रोजच्या अवघ्या १० मिलिग्रॅमने स्कर्व्ही दूर राहिली. भारतातली सध्याची शिफारस यापेक्षा बरीच सढळ आहे. पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम संत्र्यातून सुमारे ४० ते ५० मिलिग्रॅम मिळते. पेरूतून त्याच्या चार-पाच पट, आणि आवळ्यातून त्याहूनही जास्त. या मोजमापात संत्रे पहिल्या क्रमांकाचे फळ नाही, हे संत्रा उत्पादकांना रुचणार नाही. पण तक्ता तसाच आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, ज्याच्या आहारात फळ, लिंबू, हिरवी मिरची, कच्ची कोशिंबीर यांपैकी काही ना काही रोज आहे, त्याच्या केशवाहिन्यांना ५०० किंवा १००० मिलिग्रॅमच्या गोळीतून जास्तीचे बळ मिळत नाही. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतल्यासारखे ते मूत्रावाटे वाहून जाते. काही अंश ऑक्झलेट होऊन बाहेर पडतो. स्वीडनमधल्या पुरुषांच्या मोठ्या गटावर केलेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मूतखड्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. ज्यांना खऱ्या अर्थाने गोळीची गरज पडते ते वेगळेच असतात. एकटे राहणारे आणि चहा-पावावर दिवस काढणारे वृद्ध, दारूच्या आहारी गेलेले, डायलिसिसवर असलेले, आतड्याच्या विकाराने अन्न न पचणारे. त्यांना ती डॉक्टरांनी द्यावी.

एका जीवनसत्त्वाची पदच्युती

हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी ‘क’ जीवनसत्त्व वेगळे करून ओळखण्याच्या कामात मोठा वाटा उचलला, आणि १९३७चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्या कामातूनच एक कोडे पुढे आले. कातडीखाली रक्तस्राव होणाऱ्या काही रुग्णांना लिंबाचा व पाप्रिका मिरचीचा अशुद्ध अर्क लागू पडे. शुद्ध केलेले ‘क’ जीवनसत्त्व मात्र लागू पडत नसे. अर्कात आणखी काहीतरी आहे, या तर्काने शोध घेताना १९३६मध्ये रुस्न्याक आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी त्यातल्या फ्लेव्होनॉइड द्रव्यांकडे बोट दाखवले. केशवाहिन्यांतून होणारा पाझर ही द्रव्ये रोखतात, असे मांडून त्यांनी त्याला ‘पी’ जीवनसत्त्व हे नाव दिले. ‘सिट्रिन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या मिश्रणातला एक मुख्य घटक हेस्पेरिडिन होता. ते संत्र्याच्या सालीतून १८२८मध्येच फ्रान्समध्ये वेगळे केले गेले होते. तोवर त्याला काम नव्हते इतकेच.

पुढल्या वर्षांत हे प्रयोग इतरांच्या हाती तसेच्या तसे उतरेनात. हे द्रव्य आहारातून काढून टाकल्यास ठरावीक रोग होतो आणि ते दिल्यावर तो जातो, ही जीवनसत्त्वाची कसोटी आहे. फ्लेव्होनॉइडे त्या कसोटीला उतरली नाहीत. १९५०मध्ये अमेरिकेतल्या जीवरसायन व पोषण क्षेत्रातल्या संस्थांनी ‘पी’ जीवनसत्त्व हे नाव सोडून देण्याची शिफारस केली. नाव पाठ्यपुस्तकांतून गेले, पण जाहिरातीतून गेले नाही. आजही काही वेष्टनांवर ‘बायोफ्लेव्होनॉइडयुक्त’ हा शब्द झळकतो आणि त्याच्याआड पंचाहत्तर वर्षांपूर्वी मागे घेतलेला दावा नांदत असतो.

गोळीने किती फरक पडतो

हेस्पेरिडिन-डायोस्मिनची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. जीवनसत्त्व म्हणून पद गेले, तरी औषध म्हणून त्यांचा काही परिणाम होतो का, हा प्रश्न शिल्लक होता आणि त्याची तपासणी बऱ्यापैकी झालेली आहे. दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पायांत रक्त साचते. तोडणीच्या हंगामात बागेतला मजूर, स्वयंपाकघरातली बाई, दुकानातला विक्रेता, बसचा वाहक हे सगळे त्यात आले. नीलांतल्या झडपा ढिल्या पडतात, दाब मागे केशवाहिन्यांवर येतो, पाणी पाझरते, घोट्याभोवती सूज येते, कातडी काळवंडते आणि शेवटी न भरणारा व्रण होतो. अशा रुग्णांवरच्या, शिरांना बळ देणाऱ्या औषधांच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०२०मध्ये आढावा घेतला. ५६ चाचण्यांतल्या साडेसात हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात होती. निष्कर्ष मोजूनमापून काढलेला आहे. सूज थोडी कमी होते, याला मध्यम प्रतीचा पुरावा आहे. रुग्णाच्या एकूण जगण्याच्या दर्जात फरक जवळजवळ पडत नाही. व्रण भरून येण्याबाबत लाभ दिसला नाही. पोट बिघडण्यासारखे त्रास औषध घेणाऱ्यांत थोडे अधिक होते. मूळव्याधीतला रक्तस्राव आणि खाज यांवर या गोळ्यांचा उपयोग यापेक्षा बरा दिसतो, आणि भारतात त्या बहुतांशी त्याचसाठी लिहून दिल्या जातात.

म्हणजे ही गोळी थोतांड नाही आणि रामबाणही नाही. फ्रान्समध्ये, जिथे शिरांच्या औषधांची परंपरा सर्वांत जुनी, तिथल्या आरोग्य विम्याने २००८पासून या वर्गातल्या औषधांचा खर्च देणे थांबवले. पायांच्या शिरांसाठी दाब देणारे मोजे, पोटऱ्यांचा व्यायाम, रात्री पाय किंचित उंचावर ठेवणे हे उपाय अधिक भरवशाचे आहेत. मोज्यांबाबत एक सूचना आवश्यक आहे. मधुमेह्याच्या किंवा धूम्रपान करणाऱ्याच्या पायाच्या रोहिणीच अरुंद झालेल्या असतील, तर घट्ट मोजे अपाय करतात. आधी पायाची नाडी तपासून घ्यावी.

आता खुद्द फळाविषयी. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ५० ते ६५ वयाच्या, किंचित स्थूल पण निरोगी अशा २४ पुरुषांना चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस दिला; दुसऱ्या फेरीत त्याच पुरुषांना रसाऐवजी तेवढ्याच हेस्पेरिडिनची म्हणजे २९२ मिलिग्रॅमची मात्रा दिली, आणि तिसऱ्या फेरीत नुसते नकली औषध. रस आणि हेस्पेरिडिन या दोन्हींनी रक्तदाबाचा खालचा आकडा थोडा उतरला आणि त्वचेतल्या सूक्ष्म वाहिन्या अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागल्या. प्रयोग नेटका होता, पण माणसे चोवीसच आणि काळ चार आठवड्यांचा. इतक्यावरून कुणाचा डोळा किंवा मूत्रपिंड वाचले असे म्हणता येत नाही. अर्धा लिटर रसात साखर चाळीस-पन्नास ग्रॅमच्या घरात असते, हेही जोडीला सांगितले पाहिजे. मधुमेह्याने केशवाहिन्यांच्या रक्षणासाठी रोज एवढा रस प्यावा, हा सल्ला त्या केशवाहिन्यांच्याच मुळावर येईल. अख्खे फळ खाल्ल्यास साखर कमी पोटात जाते आणि हेस्पेरिडिन अधिक, कारण ते फाकांवरच्या पांढऱ्या दोऱ्यांत आणि पातळ पडद्यांत दाटलेले असते. लहान मुलांना देताना आपण हे दोरे निगुतीने सोलून टाकतो.

सालीतही ते मुबलक आहे, म्हणून साल वाळवून चूर्ण खाण्याचे सल्ले फिरत असतात. बागेत फळमाशी, कोळी आणि बुरशी यांवर फवारण्या होतात, तोडलेल्या फळावर मेणाचा लेप दिला जातो. हे सालीवरच बसते. साल खाण्याचा मोह न धरलेला बरा.

साखरेचा मार

मधुमेहात नेत्रपटलातल्या केशवाहिन्यांच्या आधारपेशी मरतात, बाहेरचे अस्तर जाड होते, भिंतीला बारीक फुगे येतात, त्यांतून पाझर सुरू होतो. मूत्रपिंडातल्या केशवाहिन्यांच्या गुंतवळ्यांतून प्रथिन गळू लागते. पायांच्या मज्जातंतूंना पोसणाऱ्या वाहिन्या बंद पडतात आणि तळपाय बधिर होतो. पहिल्या काही वर्षांत यातले काहीही जाणवत नाही. याच मुक्या काळात रुग्ण ‘नसांची गोळी’ घेत राहतो आणि तपासणी लांबणीवर टाकतो. गोळीचा खरा अपाय पुष्कळदा इथे असतो.

साखर आटोक्यात ठेवल्याने सूक्ष्म वाहिन्या वाचतात, याला मात्र भक्कम पुरावा आहे. अमेरिका व कॅनडातली, १,४४१ रुग्णांची, १९९३मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची होती. साखर काटेकोर राखणाऱ्या गटात, सुरुवातीला डोळे निर्दोष असलेल्यांमध्ये नेत्रपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. ब्रिटनमधली १९९८ची चाचणी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची. तिथे सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारांत २५ टक्के घट झाली, आणि रक्तदाब काटेकोर राखल्यावर ३७ टक्के. कुठल्याही अन्नपूरकाच्या खात्यावर याच्या जवळ जाणारा आकडा नाही. कोकोतल्या फ्लेव्हनॉलांची २१ हजारांहून अधिक माणसांवर चाचणी झाली. २०२२मध्ये आलेल्या निकालात हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकूण विकारांत संख्याशास्त्राच्या कसोटीला टिकेल अशी घट दिसली नाही. नेत्रपटलासाठी भारतात दिले जाणारे कॅल्शियम डोबेसिलेट २००९च्या मोठ्या चाचणीत मधुमेह्यांच्या दृष्टिपटलाची सूज रोखू शकले नाही. ल्युटिन-झिॲझँथिनच्या गोळ्यांना आधार आहे तो वृद्धापकाळातल्या दृष्टिपटलाच्या ऱ्हासासाठी. तो रोग वेगळा आहे.

काही पूरकांनी नुकसान केल्याचेही दिसले. कॅनडामध्ये मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या २३८ रुग्णांपैकी निम्म्यांना फोलिक ॲसिड, ब-६ आणि ब-१२ यांच्या मोठ्या मात्रा दिल्या होत्या. रक्तातले होमोसिस्टीन कमी होईल आणि लहान वाहिन्या वाचतील, अशी अपेक्षा होती. होमोसिस्टीन कमी झाले. पण २०१०मध्ये आलेल्या निकालानुसार जीवनसत्त्वे घेणाऱ्यांचीच मूत्रपिंडे अधिक वेगाने खालावली आणि हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटनाही त्यांच्यात अधिक झाल्या. वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीर ॲर्जिनिनपासून बनवते, म्हणून ॲर्जिनिनच्या पुड्या विकल्या जातात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांवरची अमेरिकेतली चाचणी मध्येच थांबवावी लागली. ॲर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले होते, न घेणाऱ्यांपैकी एकही नाही. हे २००६मधले. ‘जीवनसत्त्वच आहे, अपाय तर होणार नाही ना’ या नेहमीच्या युक्तिवादाला ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

मधुमेह्याला एका पूरकाची गरज खरोखर पडू शकते, ती ब-१२ची. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यावर काहींच्या शरीरात ते कमी पडते आणि पायांची बधिरता वाढते. त्यातून शाकाहारी असल्यास अधिकच. रक्ततपासणीत कमतरता दिसली, तर ते घेणे योग्यच. वर्षातून एकदा बाहुली रुंद करून नेत्रपटलाची तपासणी, लघवीतल्या अल्ब्युमिनची चाचणी आणि डॉक्टरांकडून तळपायांची तपासणी यांचा एकत्रित खर्च पुष्कळ ठिकाणी चांगल्यापैकी पूरकाच्या दोन-तीन डब्यांएवढाच येतो.

विळ्याच्या आकाराची पेशी

छिंदवाडा-पांढुर्णा परिसर आणि लगतचा विदर्भ यांत लहान रक्तवाहिन्यांचा एक जन्मजात विकार पिढ्यान्पिढ्या आहे. सिकलसेल. गोंडांसह काही समाजांत त्याचे जनुक बऱ्यापैकी आढळते. प्राणवायू कमी झाला की या रुग्णांचे हिमोग्लोबिन कडक दांड्यांसारखे जुळते, लाल पेशी विळ्याचा आकार घेते आणि तिला वाकता येत नाही. अंग चोरून पुढे जायची सवय असलेली पेशीच ताठ झाल्यावर केशवाहिनी तुंबते. हाडांत, पोटात, छातीत जीवघेण्या वेदना उठतात; प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू यांची हानी होते. थंडी, ताप, शरीरातले पाणी कमी होणे ही वेदनांना निमंत्रण देणारी कारणे. आंबिया बहाराची तोडणी नेमकी थंडीत येते.

या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन असे तिचे लक्ष्य आहे. उपचारात हायड्रॉक्सियुरिया हे औषध मध्यवर्ती. १९९५च्या अमेरिकी चाचणीत त्याने वेदनांचे झटके निम्म्याच्या जवळपास आणले. फोलिक ॲसिड जोडीला दिले जाते, कारण पेशी लवकर मरतात आणि नव्या बनवाव्या लागतात.

पूरकांच्या सगळ्या चर्चेतला एक दुर्मीळ अपवाद इथे आहे. व्यायामशाळांत ताकदीसाठी विकले जाणारे ग्लुटामिन हे अमिनो आम्ल औषधी प्रतीच्या पुडीच्या रूपात सिकलसेलसाठी अमेरिकेत २०१७मध्ये मंजूर झाले. २३० रुग्णांच्या चाचणीत ४८ आठवड्यांतल्या झटक्यांची मध्यवर्ती संख्या चारवरून तीनवर आली. युरोपच्या औषध नियामक समितीला मात्र २०१९मध्ये हा पुरावा अपुरा वाटला. एक झटका कमी होणे म्हणजे एकदा कमी दवाखान्यात भरती होणे. ज्याने ती वेदना पाहिली आहे तो याला क्षुल्लक म्हणणार नाही. पण मात्रा वजनानुसार दिवसातून दोनदा पाच ते पंधरा ग्रॅम अशी असते, यकृत-मूत्रपिंड तपासून ती द्यावी लागते, आणि हायड्रॉक्सियुरियाला पर्याय म्हणून ती नाही. व्यायामशाळेतल्या डब्यावरून ती ठरवण्याजोगी नक्कीच नाही.

वेष्टन वाचताना

भारतात अन्नपूरकांवर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची २०१६ची विनियमावली लागू आहे. अशा वेष्टनावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो आणि हे उत्पादन औषधी उपयोगासाठी नाही, असे छापणे बंधनकारक आहे. पुष्कळदा ते बारीक अक्षरांत असते, आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत जे लिहिलेले असते त्याचा सूर नेमका उलटा असतो. रोग बरा करण्याचा दावा पूरकाला करता येत नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात तर १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानेच निषिद्ध आहे. उच्च रक्तदाब आणि हृदयविकारही त्या यादीत आहेत. असा दावा दिसल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी माशाच्या तेलाच्या, लसणाच्या, जिंकोच्या आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नयेत. शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असल्यास, घरात जे जे पूरक चालू आहे त्याची यादी आधी दाखवावी. नागपुरी संत्र्याचा औषधांशी सहसा खटका उडत नाही. ग्रेपफ्रूटचा उडतो, आणि त्याच्या कुळातल्या, चतुर्थीच्या माटोळीत बांधल्या जाणाऱ्या पपनसाचाही उडू शकतो. त्यातली द्रव्ये आतड्यातल्या एका विकराला रोखतात, त्यामुळे कोलेस्टेरॉलवरच्या काही स्टॅटिन गोळ्या आणि रक्तदाबावरची काही औषधे रक्तात नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात चढतात. अशी गोळी चालू असणाऱ्यांनी माटोळी उतरवल्यावर पपनस फोडण्यापूर्वी औषधाचे नाव डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला सांगून विचारून घ्यावे.